उतरती रेघ

“माय वं, आखो जोरमां दे! आखो वर!”

आवाज आठ वर्षांच्या पोरीचा. झोका वर गेला की तो बारीक व्हायचा, खाली आला की भरून यायचा, आणि तापीबाईच्या छातीजवळून जाताना त्यात परकराचा वास मिसळायचा, नव्या कापडाच्या खळीचा. तेवीस वर्षं झाली. तापीकाठच्या गावातलं ते आंब्याचं झाड गेलं, त्या जागी आता पाण्याची टाकी आहे. पण आवाज काही झाडासारखा तोडता येत नाही. आज तो नंदुरबारच्या ह्या कॉलनीत, दुपारी पावणेतीनला, कुकरची शेवटची शिट्टी निवल्यावर जी शांतता पडते तिच्यात उगवला. गुरुवारी तो हमखास यायचा. किंवा तापीबाई त्याला बोलवायची. कारण गुरुवारी तीन वाजता रंजिता यायची, आणि ती येण्याआधी तापीबाईला दुःखी व्हावं लागायचं.

त्याची एक रीत बसली होती. सकाळी नीट बांधलेला अंबाडा ती बोटांनी सैल करायची. दोन घास जास्त गेले असतील तर ताट आधीच घासून पालथं घालायची. मग पुढच्या खोलीत, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात, खिडकीकडे पाठ करून बसायची आणि पोरीला हाक मारायची. पोर यायची. पण हल्ली ती येताना रडू घेऊन येत नव्हती, नुसतीच यायची. झोक्यावर बसून, दात पडलेलं तोंड उघडून हसायची. त्या हसण्यावर मनातल्या मनात पाणी ओतून तापीबाई ते ओलं करायची आणि तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबायची. सूनबाईनं, प्रतिभानं, एकदा भाजी निवडता निवडता म्हटलंच होतं, “आई, दिवसभर तर तुम्ही ठीक असता. मॅडमची गाडी वाजली की तोंड उतरतं तुमचं. त्या बिचाऱ्या काय सासू आहेत का तुमच्या?” आणि स्वतःच्याच बोलण्याला हसली. तापीबाई हसली नाही. तिनं निवडलेली भाजीच पुन्हा निवडायला घेतली होती.

आधी असं काही करावं लागत नव्हतं. आधी दुःख आपलं आपण असायचं, घरात चूल असावी तसं. झोक्यावरची ती पोर, भाविका, मोठी होऊन सुरतेला दिलेली. गेल्याच्या आदल्या भादव्यात तिला ताप आला. जावई नवनीत रोज संध्याकाळी फोन करायचा. तो मुळातच कमी बोलणारा, त्यात घाबरलेला, त्यामुळे एवढंच सांगायचा, “आई, आज ऐंशी हजार.” रक्तात कसल्याशा पेशी असतात, त्यांचा तो आकडा होता. तापीबाईची शाळा चौथीतच सुटलेली, पण हजार तिला कळत होते. दुसऱ्या दिवशी बावन्न. मग एकतीस. मग चौदा. ती हातातलं काम टाकून फोनपाशी बसायची आणि मनात म्हणायची, चढ, माय, चढ, आखो वर. आकडा काही ऐकायचा नाही. नंतर फोन आलाच नाही. मास्तर असलेला तिचा लेक धीरज भरदुपारी शाळेतून थेट गावी आला. डोक्यावरचं हेल्मेट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, आणि त्या काळ्या काचेमागे आपल्या लेकाचं तोंड आहे की नाही हेच तिला कळेना. तेव्हापासून उतरता आकडा दिसला की ती नजर फिरवायची. दुधाचं माप असो, गॅसच्या टाकीचं वजन असो. खाली गेलं म्हणजे गेलं.

ती तशीच बसून राहायला लागली, तेव्हा धीरजनं आणि अमृतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गावचं घर बंद करून तिला इथं, धीरजच्या घरी, आणलं. अमृत रोज सकाळच्या बसनं शेतावर जायचा आणि संध्याकाळी केळीच्या चिकाचे डाग घेऊन परत यायचा. दिवाळीच्या आत तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते, कमी बोलायचे. त्यांनी एक गोळी दिली आणि एक पोरगी दिली. रंजिता. नवापूरकडची, सावळी, हडकुळी, खांद्याला मोठी पिशवी आणि पिशवीत एक सपाट काचेची पाटी. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “मावशी, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन उदास शे?” तापीबाईला तशातही ते ‘शे’ ऐकून कसंसंच झालं. “तू आहिरानी नको बोलू वं बाई,” ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांत तिनं सलग बोललेलं तेच पहिलं वाक्य होतं. “कोंबडी दाना टिपस तशी बोलस तू.” रंजिता खळखळून हसली. “बरोबर ओळखलंत! आई पोल्ट्रीतच कामाला आहे माझी.”

नऊ प्रश्न होते. मन लागत नाही का, झोप येते का, भूक लागते का, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का, असे. प्रत्येकाला चार उत्तरं: कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. कधीच नाही म्हणजे शून्य आणि रोज म्हणजे तीन. नवांची बेरीज व्हायची आणि पाटीवर एक ठिपका पडायचा. पहिला ठिपका तेवीसचा, लाल पट्ट्यात, पार वर. पुढच्या गुरुवारी दुसरा. मग दोघांना जोडणारी रेघ. रंजिता पाटी तिच्याकडे वळवून दाखवायची. “ही तुमची रेघ, मावशी. आमच्याकडे असं आहे, ज्याचं दुखणं त्याला दिसलं पाहिजे. हिच्याकडे बघूनच डॉक्टर गोळी ठरवतात. फोन करायचा की मी यायचं, तेही हीच ठरवते. पंधराच्या वर असेल तर मी घरी येणार. खाली आली की फोन. आणि तीन वेळा पाचच्या खाली गेली की तुम्ही मोकळ्या! फाइल बंद, मी पेढे घेऊन येणार.” तापीबाईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं होतं. काच गार होती. आपलं पोटातलं सगळं एवढंसं होऊन इथं लाल होऊन बसलंय, आणि परकी पोर ते सांभाळून पिशवीत ठेवते, ह्याचं तिला त्या दिवशी फार नवल वाटलं.

कारण दुसरीकडे कुठे ते ठेवायला जागाच नव्हती. पहिल्या आखाजीला ते तिला कळलं होतं. आखाजी म्हणजे खानदेशातल्या लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके लागतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंब्याचा रस आणि सांजोरीचा नैवेद्य दाखवतात. एकाच दिवशी लेक दारातून यायची आणि मेलेलं माणूस घागरीतून. त्या सकाळी तापीबाईनं दोन घागरी काढल्या होत्या, एक सासू-सासऱ्यांची आणि एक नवी. अमृतची थोरली बहीण सिंधुबाई आलेली. तिनं नवी घागर उचलून ओट्याखाली सारली. रागानं नव्हे, रीतीप्रमाणे. “येडी व्हयनी का तू? लगीन करी दिधं का पोर दुसरास्नी. तिनी घागर तठेच भरतीन.” दुपारी नवनीतचा फोन आला, घागर भरली म्हणून. सुरतेच्या पाण्यानं. तापीबाई हो हो म्हणाली. जन्मभर आखाजीची गाणी हिनं म्हणायची आणि सगळ्या आळीच्या लेकींनी मागून ओढायची, पण त्या वर्षी तिनं तोंड उघडलं नाही. स्वतःच्या पोरीसाठी तांब्याभर पाणीसुद्धा ठेवायचा आपल्याला हक्क नाही, हे तिला एकोणसाठाव्या वर्षी समजलं. आणि रंजिताच्या पाटीवर मात्र तिच्या नावानं एक रेघ होती. तिथे कुणी विचारत नव्हतं की पोर दिलेली की घरातली. तिथे आईचं दुःख आईच्याच नावावर पडायचं.

म्हणून रेघ उतरायला लागली तेव्हा ती घाबरली. यंदाच्या पौषात सतरा. माघात चौदा. रंजिता आनंदून टाळी वाजवायची, आणि तापीबाईला नवनीतचा आवाज ऐकू यायचा, आज एकतीस, आज चौदा. आणि चौदा झाल्यानंतरच्या गुरुवारी स्कूटी आली नाही. तीन वाजता फोन वाजला. फोनमध्ये रंजिताच होती, पण प्रश्न झाले, हसली, संपलं. चार मिनिटं. घड्याळाची टिकटिक उरली आणि कुणासाठी मांडलेलं चहाचं आधण. पुढच्या गुरुवारच्या फोनला तापीबाईनं झोपेच्या प्रश्नावर म्हटलं, नाही येत. भुकेच्या प्रश्नावर म्हटलं, नाही लागत. अठरा. त्याच्या पुढच्या गुरुवारी फाटकाशी स्कूटी थांबली, आणि तापीबाई आनंदानं धावतच दाराशी गेली. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की ती खरंच रडली. त्या रडण्याचे दोन आकडे वाढीव मिळाले.

तरी तोवर ते खोटं अर्धंच होतं. पुरतं झालं फाल्गुनात. सकाळची वेळ, ती सुपात गहू पाखडत होती. गहू वर जायचे, खाली यायचे, कोंडा उडायचा, आणि त्या लयीत तिच्या नाकातून काहीतरी निघायला लागलं. तिला कळलंही नाही. कितीतरी वेळानं तिच्या कानांनी तिलाच पकडलं:

आंबाना डांगले झोका बांधा,
पोर मन्ही बठनी, वारा थांबा...

सूप हातातच राहिलं. तिनं वर पाहिलं तर मागच्या दारात अमृत उभा. बससाठी निघालेला, एका पायात चप्पल. त्याचं तोंड असं झालं होतं की जणू घरात कुणी आलंय आणि त्याला बस म्हणायचं की नाही हे त्याला ठरवता येत नाही. मग त्यानं मान वळवली. “धीरजनी माय, मी जाई येस,” एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं होतं. तापीबाईनं सूप खाली ठेवलं, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पोर जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत आणि ह्या तोंडाला गाणं सुचतं. बाजारात सिंधुबाई भेटली असती तर काय म्हणाली असती? त्या रात्री तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी भूक लागली. खोलीत कुणीतरी खिडकी उघडून ठेवावी आणि वारा थांबवता येऊ नये, तसं ते बरं वाटणं आत येत राहिलं, आणि गुरुवार आला की ती त्या वाऱ्याला पाठ देऊन बसायची. तीन. तीन. दोन. तीन. फक्त नवव्या प्रश्नाला तिनं कधी खोटं सांगितलं नाही. जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटतं का, ह्यावर ती दर वेळी ‘कधीच नाही’ म्हणायची. त्या बाबतीत खोटं बोलायला जीभच वळायची नाही. डॉक्टरांनाही म्हणे त्याचं कोडं पडलं होतं, बाकी सगळं एवढं वर आणि नववा शून्य.

रेघ चढली तशी गोळी वाढली. एकाच्या दोन झाल्या. दोन्ही ती घ्यायची, इमानानं, पाण्याच्या घोटाबरोबर, दंड भरल्यासारख्या. खोटं बोलायचं आणि वर गोळीही टाकून द्यायची, एवढी मी वाईट नाही, असं तिचं तिनं ठरवलं होतं. तोंड कोरडं पडायचं. बशीत चहा ओतताना हात थरथरायचा आणि टाइल्सवर तपकिरी थेंब पडायचे. ते पुसताना तिला बरं वाटायचं, कारण निदान तेवढं तरी खरं होतं.

तीन वाजले. फाटक वाजलं.

रंजिता आत आली ती ओढणीनं तोंड पुसत. एरवी ती दारातूनच काहीतरी बोलत यायची. मागल्या खेपेला म्हणाली होती, “मावशी, सीटवर पापड ठेवला असता तर गावात येईपर्यंत भाजून निघाला असता.” आज नुसतीच सोफ्याच्या कडेला बसली, पिशवी मांडीवर धरून, दुसऱ्यांच्या घरी आल्यासारखी.

“पानी पी पहिले,” तापीबाई म्हणाली. “तोंड कसं व्हई गयं तुन्हं? जेवनी का नही?”

“जेवले, मावशी.” तिनं तांब्या तसाच तोंडाला लावला. मग पाटी काढली, पण चालू केली नाही. “सुरू करायच्या आधी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. डॉक्टर तुमची गोळी बदलणार आहेत. आपल्याकडे हजारो लोकांच्या रेघा साठवलेल्या आहेत ना, त्यात तुमची लावून बघितली. ज्यांची रेघ आधी उतरते आणि मग परत चढते, त्यांना दुसरी एक गोळी लागू पडते म्हणे. ही खास तुमच्यासाठीच शोधून काढलीय. फक्त तिला रक्त तपासत राहावं लागेल, मधून मधून. रक्तातला आकडा बघायचा असतो.”

रक्तातला आकडा. कूलर चालूच होता, पण तापीबाईला त्याचा आवाज यायचा बंद झाला. हजारो माणसं दिसली तिला, कुठल्या कुठल्या गावची, आपापल्या रेघा हातात धरून उभी, खरी दुःखं घेऊन आलेली. आणि त्यांच्यात आपण, अंबाडा सैल करून. तिच्याचसारखी रेघ असलेली एखादी बाई कुठे धडगावच्या डोंगरात असेल, अक्कलकुव्याला असेल, आणि हिची रेघ बघून तिलाही कुणी गोळी देईल. हे असं होत असेल हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिला वाटायचं आपलं खोटं आपल्याच घरात आहे, ह्या सोफ्यावर, चहाच्या बशीत.

“आणि दुसरं?” तिनं विचारलं.

“दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यापासून बहुतेक दुसरी ताई येईल.” रंजिता हसायला गेली. “आमची पण रेघ असते, मावशी. तुमची उतरली की आमची चढते. माझी नाही चढली. शनिवारी मीटिंग आहे, ज्यांची चढली नाही त्यांचं काम पुढे चालू ठेवत नाहीत. आमच्यातली एक म्हणाली, अगं, तूच कमी टाक ना आकडा, कोण बघतंय! पण नाही टाकला.” तिनं पाटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. “मी म्हटलं, आमच्या मावशी माझ्यासमोर बसून एवढं खरं सांगतात, आणि मी मागे जाऊन खोटं कसं लिहू?”

तापीबाईनं पदर तोंडाला लावला. रंजिताला वाटलं, त्यांना गहिवरून आलं. तिनं उठून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो हात गरम होता, उन्हातून आलेला, हँडल धरून धरून कडक झालेला.

“तुमच्यावर नाही हं बोलले मी. चला, करून टाकू. गेल्या दोन आठवड्यांत, कशातच मन लागलं नाही, असं किती दिवस?”

तापीबाईच्या ओठांवर तीन होता. इतक्या गुरुवारांच्या सवयीनं तो तिथेच बसलेला असायचा, कुणी ढकलायची वाट बघत. परवाच तिनं सूनबाईबरोबर बसून कैरीचं लोणचं घातलं होतं आणि फोड तोंडात टाकून दोघी डोळे मिटून हसल्या होत्या. तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर चैत्राचं ऊन पांढरं पडलेलं. आठ दिवसांवर आखाजी. शून्य म्हटलं की रेघ खाली. वर राहिली तर ही नाही, पण निदान दुसरी ताई येईल; खाली गेली म्हणजे कुणीच येणार नाही. फाइल बंद. ह्या पोरीचं काम राहील, पण ती दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर जाऊन बसेल, आणि भाविकेचं नाव घेऊन विचारणारं माणूस ह्या गावात उरणार नाही. धीरज नाव घेत नाही. अमृत घेत नाही. सुरतेला नवनीतसाठी मुलगी बघताहेत असं कानावर आलं होतं, आणि त्यात त्याचं काय चुकलं, बत्तीस वर्षांचा गडी. सगळीकडून ती पुसत चालली होती. हिच्याच पाटीवर तेवढी ती लालभडक होती.

“रोज,” तापीबाई म्हणाली.

“झोप लागत नाही, किंवा फार लागते?”

“रोज.”

“थकवा...” रंजिता थांबली. बोट काचेवर तसंच राहिलं. तिच्या हनुवटीला एक बारीक कापरं भरलं, शाळेत उत्तर न आलेल्या पोरीला भरतं तसं. “मावशी, माझं काय चुकतंय? खरंच सांगा. रागावणार नाही. तुम्ही गाणी म्हणायच्या असं धीरजदादांनी सांगितलं म्हणून मी तुम्हाला म्हणायला लावलं, तुम्ही नको म्हणालात, मी सोडलं. मग चालायला जा म्हटलं. फोन तुम्हाला मानवला नाही तर मी परत स्वतः यायला लागले. रात्री घरी जाऊन तुमचीच रेघ बघत बसते. आई म्हणते, नोकरी आहे का नवस आहे? मला वाटतं, दुसरं कुणी असतं तर तुम्ही एव्हाना बऱ्या झाल्या असत्या. माझ्यामुळेच...” आणि तिला पुढे बोलता येईना. तिनं ओढणी डोळ्यांना लावली नाही, नुसतीच रडली, दोन्ही हातांत ती पाटी धरून. एक थेंब काचेवर पडला तसा तिच्या बोटाचा धक्का नसतानाही पाटीवर काहीतरी हललं, आणि ती घाईघाईनं पुसायला लागली.

तापीबाई बघत राहिली. कुणाची तरी लेक तिच्या घरात बसून रडत होती. हे रडणं तिनं रांधलं होतं, गुरुवारच्या गुरुवारी, मीठ-मिरची बघून. आपल्या पोरीची आठवण लाल ठेवायला तिनं ह्या पोरीच्या अंगातलं रक्त वापरलं होतं. तिला वाटलं, आता बोललं नाही तर आपण पुन्हा कधीच बोलणार नाही. आणि बोललं तर ह्या खोलीतून दोघी उठून जातील, एक दारातून आणि एक कुठून ते सांगता येणार नाही. तिची जीभ गोळ्यांनी कोरडी झाली होती. तिनं ती टाळ्याला लावून पाहिली. शब्द फार जड नव्हता, दोनच अक्षरं, पण त्याच्याखाली जे होतं ते उचलायला तिला सगळं अंग लागलं.

तिनं हात पुढे करून पाटी रंजिताच्या मांडीवर पालथी ठेवली.

“तुन्हं काहीच चुकनं नही, पोरी,” ती म्हणाली. “मी खोटं सांगं. तू यावी म्हनीसन. फागुनपाईन सांगी ऱ्हायनू.”

रंजितानं मान वर केली. तिच्या तोंडावर अजून काहीच उमटलं नव्हतं, ना राग, ना काही.

“मी बरी शे,” तापीबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून आता घळाघळा यायला लागलं, न बोलावता. “आयकी ऱ्हायनी ना तू? मन्ही पोर मरी गयी, आन मी बरी शे.”